श्वास भरा, आप्पा

फाल्गुन उतरणीला लागला की लालबागेत मिरची येते. दुकानांपुढे गोण्यांच्या थप्प्या लागतात, बायका गोणपाटावर मांडी घालून देठ खुडायला बसतात, आणि आत डंखांची, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रांची, लोखंडी मुसळं दिवसभर धाड धाड पडत राहतात. त्या गल्लीतून शिंकल्यावाचून कुणी पुढे जात नाही. कल्याण-पनवेलहून वर्षाचा मसाला करून घ्यायला आलेल्या बायका शिंकतात, पदरानं डोळे पुसतात आणि एकमेकींकडे बघून हसतात. मी चिंचपोकळीच्या आमच्या चाळीतून निघते ती ही गल्ली टाळूनच. लांबचा वळसा घालते, करी रोडच्या पुलावर चढते आणि लोअर परळला कामावर जाते. वास पुलापर्यंत येतोच. इतकी वर्षं झाली, पन्नाशी ओलांडली, तरी तो वास आला की माझा हात आपोआप छातीवर जातो.

माझं काम लोकांची शरीरं मोजण्याचं. एका जुन्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत उभी आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर जिम आहे. ही आप्पांची गिरणी नव्हे. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची गिरणी पलीकडच्या रस्त्याला होती. तिथे आता खाली गाड्या लावतात आणि वर मॉल आहे. जिममध्ये ज्यांना स्वतःसाठी वेगळा ट्रेनर हवा असतो, त्यांचं पहिलं असेसमेंट माझ्याकडे असतं. माणूस काहीच करत नसताना, विश्रांतीत असताना कसा आहे, ते आधी बघायचं. पाच मिनिटं खुर्चीत स्वस्थ बसवायचं. बोलू द्यायचं नाही, फोन बाजूला. मग मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी. मग बीपी. मग उंची, वजन, कंबर, छाती, दंड. शेवटी कॅलिपरच्या चिमट्यात दंडामागची, पोटावरची, मांडीवरची कातडी धरून चरबी किती ते काढायचं. आता अनवाणी उभं राहिलं की सगळं सांगणारं यंत्र आलंय. मी तरी चिमटा आणि टेप सोडलेली नाही.

मिरचीचा हंगाम तोच लग्नसराईचा. त्यामुळे या दिवसांत माझ्याकडे नवऱ्या मुली येतात. परवा मिताली आली. दादरची, बँकेत नोकरी, मे महिन्यात लग्न. पाच मिनिटं स्वस्थ बसणंही तिला जड गेलं. कंबरेला टेप लावली तशी म्हणाली, "नंदा मॅडम, जरा घट्ट धरा ना."

"घट्ट धरून कंबर कमी होत नाही गं."

"फोटोत होते," ती म्हणाली आणि पोट आत ओढून उभी राहिली.

"श्वास सोड. घरी उभी राहतेस तशी राहा."

"सोडलाय की."

सोडला नव्हता. टेपखाली मला कळतं. टेप लागली की माणसं श्वास धरतात. कुणी पोट आत घेतं, कुणी खांदे मागे टाकतं, कुणी टाचा किंचित उचलतं. मोजणाऱ्यापुढे उभं राहताना आपण आहोत त्याहून थोडं वेगळं असावं असं प्रत्येकाला वाटतं. मितालीला टेपेनं दोन बोटं कमी दाखवायला हवी होती. मी पहिल्यांदा कुणाच्या अंगाला टेप लावली तेव्हा पंधरा वर्षांची होते, आणि तेव्हा आमच्या घरातली तिन्ही माणसं टेपेनं दोन बोटं जास्त दाखवावीत म्हणून जीव टाकत होती.

तेव्हा गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. ज्यांना गावाला शेत होतं ती बिऱ्हाडं केव्हाच गावाला गेली होती. आमचं गाव साताऱ्याकडे, पण आम्हाला तिथे शेत नव्हतं. वेशीबाहेरच्या वस्तीत एक खोली होती आणि तीही चुलत्यांनी भरलेली. म्हणून आम्ही मुंबईतच राहिलो. आप्पा रिंगखात्यात होते. तिथे सूत कातलं जातं, आणि तुटलेला धागा चिमटीत धरून चालत्या यंत्रावरच जोडावा लागतो. आमच्या चाळीतले बहुतेक पुरुष याच खात्यात. सकाळी कामावर गेलेला माणूस दुपारी परत यायचा तो भुवयांवर, कानांवर कापसाची पांढरी लव घेऊन. मी लहान असताना मला वाटायचं, बाप म्हणजे असाच, पांढऱ्या भुवयांचा.

आप्पा कबड्डीचे नावाजलेले खेळाडू होते. चाळीच्या संघात चढाई त्यांची. दम असा की समोरचा संघ थकून जाई आणि आप्पा तिकडून हात लावून हसत परत येत. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. मैदानाच्या कडेला आईच्या मांडीवर बसून पाहिलेलं आहे.

ते शरीर आमच्या डोळ्यांदेखत जायला लागलं. घाईनं नाही. आधी सदऱ्याची कॉलर मोठी झाली. मग आप्पांनी खिळा तापवून पट्ट्याला नवं भोक पाडलं, काही दिवसांनी आणखी एक. मग गालाच्या खाली, दाढी करताना जिथे कातडी ताणून धरायची तिथे धरायला काही उरेना. आई ताटात वाढताना त्यांच्याकडे बघायची नाही. मीही बघायची नाही. एका खोलीत तीन माणसं राहतात आणि एकमेकांकडे न बघता दिवस काढतात, हे मी त्या वर्षी शिकले.

आई तोवर कधी कामाला गेली नव्हती. त्या फाल्गुनात ती लालबागेत मसाल्याच्या डंखावर जाऊ लागली. आधी देठ खुडायचं काम, मग मिरच्या भाजायचं. संध्याकाळी यायची तेव्हा डोळे लाल, बोटं सुजलेली. दिव्याखाली बसून बोटांना खोबरेल लावायची आणि म्हणायची, "चार दिवसांनी सवय होईल." सवय झाली नाही. पुढे पुढे तिनं तसं म्हणणं सोडलं.

अशात एक दिवस शंकरकाका आले. आप्पांच्याच खात्यातले, त्याच संघात खेळलेले, आमच्या शेजारच्या खोलीतले. उंबऱ्यावरच उकिडवे बसले आणि खालच्या आवाजात बोलू लागले.

"ठाण्याच्या पुढं खाडीकडं एक रंगाचा कारखाना हाय. पहारेकरी भरतायत. पक्की नोकरी. राहायला जागा बी देणार म्हणत्यात."

आप्पा म्हणाले, "आणि संप?"

"संप मोडतोय कोण? गिरणीत पाय ठेवायचा नाय, एवढंच ना? ही गिरणी नाय."

"काय मागतायत?"

"शाळा नको. अंग बघतात. वजन पंचावन्नच्या वर, आणि छाती. श्वास घेतल्यावर दोन इंच फुगली पाहिजे."

आप्पा हसले. वर्षभरात पहिल्यांदा असे दात दिसतील एवढे हसले. "छातीचं मला सांगतोस व्हय?" ते म्हणाले. "वजनाचं तेवढं बघावं लागंल."

भरती चैत्रात होती. मधले दिवस आम्ही तिघांनी आप्पांच्या वजनासाठी काढले. आई स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून त्यांच्या ताटात सरकवायची. मी शाळेतून आले की भूक नाही म्हणायची. आप्पांना सगळं दिसत होतं. पहिले दोन दिवस त्यांनी ताट ढकललं, मग ढकलणंही सोडलं आणि खाली मान घालून खाऊ लागले. बायको आणि मुलगी उपाशी असताना त्यांच्या वाटचं खाणं हे त्या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम असणार. घास चावताना त्यांच्या कानशिलावरची शीर हलायची, ती मला आजही दिसते.

बाजारात हिराबाई होती. कोळीण, आईहून दहा वर्षांनी मोठी, आवाज असा की मासळीबाजाराच्या एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाला वळून बघे. आईनं कधीतरी तिची टोपली उचलून डोक्यावर दिली होती, तेवढीच ओळख. आईनं तिला विचारलं, माशांची उरलेली डोकी असतील तर द्याल का.

"मांजराला का गो?" हिराबाईनं विचारलं.

"घरच्या माणसाला."

हिराबाईनं पानात डोकी बांधली आणि वर मोरी माशाचा एक तुकडा ठेवला. आई म्हणाली, "एवढं नको." हिराबाई म्हणाली, "डोक्याला धड नको होय? ने गप." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पानाची पुडी आमच्या घरी येऊ लागली. मोरीचं मटण आई कमी तिखटाचं करायची, कारण तिखटानं आप्पांना ठसका लागत होता. ठसका लागतो हे तेव्हा आम्हाला साधं वाटलं होतं. लालबागेत त्या दिवसांत कुणाला ठसका लागत नाही?

वजन बघायला आम्ही कोळशाच्या वखारीत जायचो. तिथे पोती तोलायचा मोठा काटा होता, फळीवर उभं राहायचं. वखारवाला भला माणूस, दुपारी गिऱ्हाईक नसताना यायला सांगायचा. आप्पा चप्पल काढून, काळ्या भुकटीनं माखलेल्या फळीवर उभे राहायचे, सरळ, कवायतीला उभे राहावं तसे. वखारवाला वजनं सरकवायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचा, "चढतंय, चढतंय." मी फळीकडे बघत बसायची. माझ्या बापाला कोळशाच्या पोत्याच्या जागी उभं केलंय आणि पोतं भरलेलं निघावं म्हणून आपण मनात प्रार्थना करतोय, हे मला तेव्हा कळत होतं.

छातीची टेप आईनं शेजारून मागून आणली, ब्लाउज शिवणाऱ्या वहिनींकडून. आप्पा बनियन काढून खोलीच्या मध्ये उभे राहिले. बरगड्या मोजता आल्या असत्या. मी पाठीमागून टेप फिरवली, पुढे आणली, चिमटीत धरली.

"श्वास सोडा."

सोडला. मी आकडा बघितला.

"आता श्वास भरा, आप्पा. फुगवा छाती."

आप्पांनी हनुवटी वर केली. मानेच्या शिरा ताणल्या. खांदे वर गेले. मी चिमटी सैल धरून वाट बघत होते. टेप माझ्या बोटांतून सरकायला हवी होती. ती सरकली नाही. मी म्हटलं, "फुगवा ना."

आप्पा म्हणाले, "फुगवलीय."

मी खाली बघितलं, आईनं वर बघितलं. बाहेर गॅलरीत कुणीतरी कपडे आपटत होतं.

"टेप जुनी हाय," आप्पा म्हणाले. "ताणून ताणून सैल झालीय."

आईनं विचारलं, "वर्षभर कापूस नाय नाकात. मग अजून हे काय?"

आम्हा सगळ्यांची समजूत होती की कापूस गिरणीत राहतो आणि माणूस घरी येतो. गिरणी बंद, म्हणजे छाती मोकळी. तो कापूस आप्पांच्या आत घर करून राहिलाय आणि त्याला कुठला संप लागू नाही, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा पहाटे विहाराच्या अंगणात जाऊ लागले. चाळीच्या टोकाला पत्र्याचं छोटं विहार होतं, पुढे ओटा आणि मोकळी जागा. तिथे ते श्वास कोंडून उभे राहायचे, हात वर करायचे, धावायचे. शेवटी तोंडातल्या तोंडात कबड्डीचा दम घालायचे. अंथरुणात पडल्या पडल्या मला ऐकू यायचं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, मग खोकला. थोडं थांबून परत. मी तेव्हा शाळेच्या संघात खेळायला लागले होते, मला दम म्हणजे काय ते ठाऊक होतं. मी अंथरुणातच त्यांच्याबरोबर श्वास कोंडायची, आणि माझा श्वास सुटायच्या आधी त्यांचा सुटायचा. मग मी उशीत तोंड खुपसायची.

जयंती आली. चाळीला निळ्या पताका लागल्या, विहारात वंदना झाली. आप्पांनी पांढरा सदरा घातला, आईनं पांढरी साडी. मिरवणुकीत दरवर्षी आप्पा लेझीम घेऊन पुढे असत. त्या वर्षी ते कडेनं चालले, कठड्याला हात लावत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ताकद राखून ठेवलीय. भरती हाय."

भरतीच्या दिवशी आई कामावर गेली. हंगामात एक दिवस चुकला तर दुसरी बाई बसते, म्हणून तिला थांबता आलं नाही. निघताना तिनं आप्पांच्या हातात केळ्यांचा घड दिला आणि मला म्हणाली, "तू जा संगं. इंग्रजीत काय लिवलं असलं तर वाच."

कारखान्याच्या आवारात पत्र्याची लांब शेड होती. तिच्या सावलीत पुरुषांची रांग, सगळे बनियनवर, सदरे खांद्यावर. बहुतेक गिरणगावातलेच चेहरे. सगळ्या रांगेला केळ्यांचा वास येत होता. प्रत्येकानं पोटभर केळी खाल्ली होती, वर तांब्या तांब्या पाणी प्यायलं होतं. आमच्या पुढचा माणूस सारखा पाय बदलत होता. त्यानं मागे वळून आप्पांना विचारलं, "किती येळ लागंल हो? लघवीला जायचंय, पण गेलो तर वजन जाईल." सगळे हसले. आप्पाही हसले. माझ्या आठवणीत त्या दिवसातलं तेवढंच हसू आहे.

वजनात आप्पा बसले. कारकून म्हणाला, "चालेल, पुढे." आप्पांनी लांबून माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, झालं. क्षणभर मी आमचं बिऱ्हाड खाडीकाठच्या नव्या खोलीत मांडलंसुद्धा. मग टेप घेऊन उभा असलेला कंपाउंडर म्हणाला, "श्वास सोडा. हां. आता फुगवा."

आप्पांची हनुवटी वर गेली.

"अहो, फुगवा."

"फुगवलीय साहेब."

कंपाउंडरनं डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर तरुण होते, चष्मा सारखा घसरत होता. त्यांनी आप्पांच्या पाठीला नळी लावली, पुढून लावली, परत पाठीला लावली.

"गिरणीत कुठल्या खात्यात?"

"रिंग."

"सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळायची?"

"ती समद्यांचीच आवळते साहेब. दुपारपर्यंत सुटते."

डॉक्टरांनी नळी गळ्यात टाकली. "तुम्हाला नाही घेता येणार," ते म्हणाले.

"वजन बसलं ना साहेब."

"वजनाचं नाही म्हणत मी."

"थांबा," आप्पा म्हणाले. "दम दाखवतो. मग बोला."

आणि ते शेडबाहेर उन्हात गेले. मातीत पायानं एक आडवी रेघ ओढली, वाकले, एक हात पुढे केला आणि सुरू केलं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. समोर कुणी नव्हतं. रांगेतले सगळे वळून बघू लागले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी आप्पांचा खेळ पाहिलेला होता. आप्पा रेघेच्या पुढे गेले, डावीकडे वळले, हात झोकला. पाय अजून तसेच पडत होते, हलके, ओळखीचे. मग शब्द अडकला. त्यांनी तो परत उचलला. परत अडकला. तरी थांबेनात, आवाज निघत नव्हता आणि ओठ हलतच होते. मग ते गुडघ्यावर आले आणि खोकत, ओकत तिथेच बसले. सकाळपासून जे खाल्लं प्यायलं होतं ते सगळं मातीत गेलं.

शंकरकाका रांग सोडून धावले. पाठ चोळत म्हणत होते, "बस झालं रे. बस. बस."

डॉक्टरांनी स्वतःची खुर्ची उचलून सावलीत आणली. आप्पांना बसवलं. मला म्हणाले, "तू मुलगी ना? पाच मिनिटं यांना बोलू देऊ नकोस." मग आप्पांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत राहिले. काही न करता नुसता बसलेला माणूस, आणि त्याचं काळीज पळत होतं. नंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "परळच्या मोठ्या इस्पितळात दाखवा. उशीर करू नका." माझा त्यांच्यावर राग आहे असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. आता त्यांच्याएवढी मुलं माझ्या हाताखाली शिकायला येतात तेव्हा राग आठवत नाही, तो घसरणारा चष्मा आठवतो.

शंकरकाकांना नोकरी लागली. चार दिवस ते आमच्या दारावरून जाताना भिंतीकडे तोंड करून जात. पाचव्या दिवशी आप्पाच त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "लेका, पेढे नाहीत तर गूळ तरी दे." काकांनी गूळ आणला आणि आप्पांच्या हातावर ठेवता ठेवता रडायला लागले. आप्पांनी तो खाल्ला.

इस्पितळात आप्पांना एका नळीत फुंकायला लावलं, छातीचे फोटो काढले. औषधं दिली. सांगितलं, धुळीपासून, धुरापासून लांब ठेवा, उग्र काही नाकात जाऊ देऊ नका. आईनं ते ऐकलं आणि स्वतःच्या साडीकडे बघितलं. तिच्या केसांत, पदरात, नखांत मिरची होती. ती खोलीत आली की आप्पांना ठसका लागत होता, हे इतके दिवस समोर होतं आणि आम्ही त्याला हंगाम म्हणत होतो.

"मी सोडते काम," आई म्हणाली.

"आन खायचं काय?" आप्पांनी विचारलं. हे भांडण नव्हतं. त्यांना खरंच विचारायचं होतं.

मग दोघांनी आपापल्या परीनं वाट काढली. आई संध्याकाळी आधी हिराबाईच्या घरी जायची, तिथे नळावर डोक्यावरून पाणी घ्यायची, साडी बदलायची, मिरचीची साडी तिथेच वाळत टाकायची आणि मग घरी यायची. तरीही हंगाम जोरात असला की आप्पा अंथरूण उचलून विहाराच्या ओट्यावर झोपायला जायचे. एवढ्याशा खोलीत राहणारी दोन माणसं, आणि मिरचीच्या दिवसांत त्यांना एका छपराखाली झोपता येत नव्हतं.

आणि दिवसा आप्पा बाजारात बसू लागले. ते हिराबाईचं डोकं. ओल्या फरशीची, बर्फाची थंड हवा त्यांना बरी वाटायची. नुसतं बसवेना म्हणून त्यांनी कोळंबी सोलायला घेतली. धागा जोडणारी बोटं ती. चिमटीत धरून कवच उलगडायचं, पाठीतला काळा दोरा अलगद ओढायचा. हिराबाई म्हणाली, "माझ्या सुनांना येत नाय असं सोलायला." गिरणीतले ओळखीचे समोरून जायचे. सुरुवातीला आप्पा मान वर करत नसत. एकजण बोललाच, "काय रे, बायकांत बसलास?" आप्पांनी पुढची कोळंबी उचलली. हिराबाई म्हणाली, "तू पन ये. जागा हाय. सोलायला अक्कल लागते पन."

संप कधी संपला ते आम्हाला कळलं नाही. कुणाला परत बोलावलं, कुणाला नाही. आप्पांची गिरणी उघडली, परत बंद झाली, मग कुलूपच. ते तिकडे फिरकलेही नाहीत.

मी खेळत राहिले. पुढे एका शाळेत खेळ शिकवायला लागले, त्यातून या कामात आले. लोकांना वाटतं, मला व्यायामाची आवड होती. खरं सांगायचं तर मला श्वासाची भीती होती. अजूनही कुणी नवीन माणूस येतो, मी टेप छातीला लावते, "भरा श्वास" म्हणते, आणि टेप बोटांतून सरकेपर्यंतच्या त्या क्षणात माझं सगळं अंग आवळून येतं. मग सरकते. बहुतेकांची सरकते. तेव्हा मला समोरच्या माणसाला काहीतरी द्यावंसं वाटतं. त्याला काय कळणार? तो आरशात स्वतःचं पोट बघत असतो.

मागच्या महिन्यात एका माणसाची नाही सरकली. सत्तरीचा, चांगल्या घरातला, मुलानं वाढदिवसाची भेट म्हणून जिम लावून दिलेलं. मी आकडा घेतलाच नाही. खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "काका, काम काय करायचात?" ते म्हणाले, "गिरणीत साचेखात्यात होतो, मागांवर. तुला नाही कळायचं बाळ." मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं. काटा फिरत होता, मला आकडा लागत नव्हता. दोनदा परत मोजावं लागलं. मग त्यांच्या मुलाला फोन करून सांगितलं, आधी छातीच्या डॉक्टरांकडे न्या, व्यायामाचं नंतर बघू.

आप्पा त्यानंतर पाच-सहा वर्षं होते. गेले तेही मिरचीच्याच दिवसांत, परळच्या इस्पितळात, सकाळच्या वेळी. शेवटचे दोन दिवस बसूनच होते. आडवं झालं की श्वास मिळत नव्हता. आई पाठीशी उशी होऊन बसली होती, तिच्या छातीवर त्यांची पाठ. ती मोठ्यानं श्वास घ्यायची, सावकाश, त्यांना तशीच लय सापडावी म्हणून, जसं लहान मुलाला चालायला शिकवतात तसं. तिचा श्वास चालू राहिला. त्यांचा राहिला नाही. बराच वेळ तिनं कुणाला सांगितलं नाही. ती तशीच श्वास घेत बसून राहिली.

विहारात सगळं झालं. त्रिशरण, पंचशील. शंकरकाका खाडीवरून आले होते, हिराबाईनं दुकान बंद ठेवलं होतं. सगळे गेले आणि आई चौथ्या दिवशी कामावर गेली. मी अडवलं नाही. घरात बसून ती नुसती आप्पांच्या अंथरुणाच्या घडीकडे बघत होती, त्यापेक्षा बरं, असं मला वाटलं.

संध्याकाळी ती घरी आली ती थेट आली. हिराबाईकडे गेली नव्हती, पाणी घेतलं नव्हतं, साडी बदलली नव्हती. खांद्यांवर, केसांवर, पापण्यांवर लाल भुकटी. उंबऱ्यावर बसली, भिंतीला डोकं टेकलं.

मी विचारलं, "आई, तशीच आलीस?"

"आता कशाला?" ती म्हणाली. "कुणाला तरास होणाराय आता?"

ती बसली. दिवे लागले. शेजारच्या घरांतून जेवणाचे आवाज यायला लागले. मी दोनदा हाक मारली. ती हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर रडणंही नव्हतं. मी तिच्याकडे बघत होते आणि मला कळत होतं की हीसुद्धा चाललीय. उठून कुठे जाणार नाही, इथेच बसल्या बसल्या जाईल. मी बादली घेऊन मोरीत गेले, पाणी भरलं, तिची धुतलेली साडी काढली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ऊठ. अंघोळ कर."

"राहू दे गं नंदे."

"आई, ऊठ. मला ठसका लागतो."

तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग भिंतीला हात लावून उठली, आणि मोरीकडे गेली.